लिंथॉर्पची भांडी ओळखताना
इंग्लंडमध्ये मिडल्सबरोजवळ लिंथॉर्पला जॉन हॅरिसन यांची वीटभट्टी होती. १८७९ मध्ये तिथेच कलात्मक भांडी घडू लागली: पैसा हॅरिसनांचा, आकार डिझायनर ख्रिस्तोफर ड्रेसरांचे, देखरेख हेन्री टूथ यांची. १८८२ मध्ये टूथ गेले, ड्रेसरही त्याच सुमारास बाजूला झाले. १८८९ मध्ये कारखाना बंद पडला.

भांडं हाती आलं की आधी उलटं करा. तळाला टूथ यांची ‘एचटी’ खूण असेल तर ते सुरुवातीच्या वर्षांतलं. नुसत्या ओघळत्या ग्लेझवर, म्हणजे मातीवरच्या काचेसारख्या लेपावर, मात्र विसंबू नका. कितीही देखणं असलं तरी तसं काम टूथ यांनी पुढे ब्रेटबी या आपल्या दुसऱ्या कारखान्यातही केलं. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं की बारीक तडे जातात. अशा फुलदाणीत पाणी भरू नका. ते आत मुरतं आणि डाग पडतात.