'ओन्ली'ची जागा

बाईंना पाठवलेल्या चिठ्ठीत मी लिहिले होते, 'आय ओन्ली टीच हर इंग्लिश.' इंग्रजीसाठी शिकवणी लावलेली नाही, मीच तिला शिकवते, एवढेच मला कळवायचे होते. त्यावर बाईंनी आज धाकटीला विचारले, "मग बाकीचे विषय कोण घेते?" घरी येऊन ती हसत म्हणाली, "आई, 'ओन्ली' तुझ्याआधी यायला हवा होता." हसण्यासारखेच होते, तरी मला हसू आले नाही.

ते तिकडे गेल्यापासून सगळे मीच पाहते. असो, तो विषय आज नको. पण ज्या वाक्यात मला हा 'मीच' सांगायचा होता, नेमक्या त्याच वाक्यातून तो निसटावा, याचे वाईट वाटते. आपला 'च' किती इमानी आहे! 'मीच तिला शिकवते', 'मी तिलाच शिकवते', 'मी तिला शिकवतेच': ज्याला चिकटेल त्याचीच बाजू घेतो. इंग्रजीतला 'ओन्ली' मात्र क्रियापदाच्या अलीकडे बसून पलीकडच्या कुठल्याही शब्दाला हात घालू शकतो. बोलताना आवाजाच्या जोरावर अर्थ कळतो. कागदावर तो जोर उमटत नाही, म्हणून लिहिताना त्याला आपल्या शब्दाला खेटून बसवायचे. हा नियम गेल्याच महिन्यात मी धाकटीला समजावला होता. मी!

रात्री तिचेच पुस्तक घेऊन बसले. 'ती काल शाळेत छान गायली' यात आपण आधी काळ, मग स्थळ, मग रीत सांगतो. 'शी सँग वेल अ‍ॅट स्कूल यस्टरडे' म्हणताना सारी रांग उलटी फिरते. 'विथ केअर'मधल्या 'विथ'चे काम आपल्याकडे 'काळजीने'मधला 'ने' हा प्रत्यय करतो. शिवाय क्रियाविशेषणाला आपण अव्यय म्हणतो, आणि तरी 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते' असे त्याला खुशाल बदलू देतो. म्हणजे घोळ काही एकट्या इंग्रजीतच नाही, आणि एवढ्यावरून स्वतःला अडाणी ठरवण्याचेही कारण नाही.

मग दुसरी चिठ्ठी लिहायला घेतली. 'ओन्ली आय टीच हर इंग्लिश' हे वाक्य बरोबर आहे, पण वाचताना फुशारकी मारल्यासारखे वाटले, म्हणून कागद फाडला. उद्या शाळेत जाऊन मराठीतच सांगेन. बाई तशा मिरजेच्याच आहेत.