गोखरूचं गोत

"सर, फूल डोळ्यानं दिसतंय की, मग डीएनए कशाला तपासता?" परभणीत वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्यामुळं हा प्रश्न ठरलेलाच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

सूर्यफुलाच्या कुळात 25 हजारांहून जास्त जाती आहेत, आणि दिसण्यावर जाल तर हमखास फसाल. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो इथं मुळात फुलांचा घोस असतो. करडईच्या बोंडातली प्रत्येक नळी म्हणजे एक अख्खं फूल.

आता बांधावरचा गोखरू घ्या. सराटा नव्हे, धोतराला, शेळीच्या केसांना चिकटतो तो. पाकळी नाही, रंग नाही, पराग वाऱ्यावर सोडलेले. त्याचं काटेरी बोंड उभं चिरून बघा. आत दोन कप्पे, प्रत्येकात एक लांबट बी. म्हणजे ते एक फळ नव्हेच. दोन मादी फुलांचा घोसच काट्यांत बंद झालेला. काही जुन्या अभ्यासकांनी अशा झाडांचं वेगळं कूळच मांडलं होतं. डीएनएनं ती सूर्यफुलाच्याच गोतात ठेवली, आणि गोखरूचा जवळचा भाऊबंद कोण निघावा? गाजरगवत! त्याच्या बारक्या पांढऱ्या गोंड्याला भिंगाखाली धरा, कडेला पाच चिमुकल्या पाकळ्या दिसतील. गोखरूनं तेवढ्याही ठेवल्या नाहीत.

उलटंही होतं. उटकटारा आणि गोरखमुंडी, दोघांची फुलं चेंडूसारखी गोल, म्हणून सख्खे वाटतात. पण उटकटारा करडईच्या गोतातला, गोरखमुंडी भलतीकडची. चेंडू दोघांनी आपापला घडवला.

1987 मध्ये जॅन्सेन आणि पामर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तर कुळाचं मूळच हलवलं. हरितलवकाच्या, म्हणजे पेशीतल्या अन्न बनवणाऱ्या हिरव्या कणाच्या, डीएनएतला सुमारे 22 हजार रासायनिक अक्षरांचा एक तुकडा या कुळात सगळीकडं उलटा फिरलेला आहे. दक्षिण अमेरिकेतल्या एका छोट्या गटात तेवढा तो सरळ आहे. म्हणजे तुकडा उलटण्याआधीच, सगळ्यांत आधी, तो गट फुटून निघाला.

तरी हरितलवकावर सगळा भरवसा नको. ते बहुधा आईकडून येतं, संकरात बाप दिसतच नाही. म्हणून पेशीच्या केंद्रकातला, आई-बाप दोघांकडून येणारा डीएनएही बघायचा. आणि नुसतं पान आणून "सर, ओळखा" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. फुलासकट फांदी दाबून वाळवा, कुठं मिळाली ते लिहा, डीएनएसाठी दोन कोवळी पानं ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांत वेगळी ठेवा. गाजरगवत असेल तर हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते.