तुम्ही विचारलंत म्हणून: मी शिंतो झाले का?

पुण्याला आले की कुणीतरी विचारतंच, "तिकडच्या देवळात जाता म्हणे. मग शिंतो झालात का?" विचारलंत म्हणून सांगते. होणार कशी? शिंतो या जपानच्या मूळ धर्मात धर्मांतराचा विधीच नाही.

तोक्योत आल्यावर पहिली काही वर्षं देवळं म्हणजे फोटो काढायची जागा. एकदा तर मी बौद्ध देवळात दणदणीत दोन टाळ्या वाजवल्या. टाळ्या शिंतोंच्या देवळात, म्हणजे जिंजात. ओतेरात, म्हणजे बौद्ध देवळात, नुसते हात जोडायचे. शेजारच्या आजींनी ऐकूच न आल्यासारखं केलं, अगदी जपानी रीतीने.

मग लेक तीन वर्षांची झाली. 15 नोव्हेंबरच्या आसपास 3, 5 आणि 7 वर्षांच्या मुलांना जिंजात नेतात, त्याला शिचि-गो-सान म्हणतात. खिडकीपाशी अर्ज भरला: नाव, वय, पत्ता. दक्षिणेचं नाव हात्सुहोर्यो, म्हणजे भाताच्या पहिल्या लोंब्यांबद्दलचे पैसे. सवयीने गोत्राचा रकाना शोधला. नव्हता.

आत पुजारी नोरितो, म्हणजे देवापुढची प्रार्थना, म्हणू लागले. जुनी जपानी, लांबच लांब ओढलेले स्वर, मला ओ की ठो कळेना. आणि मधेच आमचा पत्ता आला! एदोगावा वॉर्ड, चोमे, बांची, इमारतीचं नाव, खोलीचा नंबरसुद्धा. मागून 'पातिरु', म्हणजे आम्ही पाटील. याच पत्त्याआधी चार घरमालकांनी 'परदेशी नको' म्हणून फोन ठेवले होते. मला रडू फुटलं. लेक मात्र किमोनोच्या बाहीत हात घालून खाऊची पिशवी कधी मिळणार, ते विचारत होती.

आपले गुरुजी संकल्पात 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हणतात, तोही पत्ताच. पण त्याच्याबरोबर गोत्र येतं. इथे पत्त्यावर भागलं. उजिगामी हा वस्तीचा देव, हद्दीत राहणारे त्याचे उजिको. 'उजि' म्हणजे खरं तर कूळ, पण आता कुळापेक्षा हद्दच पाहतात.

पुढच्या उत्सवात चोनाइकाईच्या, म्हणजे आळीच्या मंडळाच्या, काकांनी माझ्या हातात हाप्पी, म्हणजे उत्सवाचा अंगरखा, कोंबला, पाठीवर आळीचं नाव असलेला. 'वाश्शोई, वाश्शोई' करत मिकोशीला, म्हणजे खांद्यावरून मिरवतात त्या देवाच्या देव्हाऱ्याला, खांदा दिला. पालखी वाटली होती. ती निघाली चांगलीच जड, आणि मुद्दाम हिंदकळवायची! खांदा आठवडाभर सुजला होता.

सध्या घर बदलायचं चाललंय. स्टेशनच्या पलीकडे भाडं कमी आहे, पण हद्द दुसऱ्या जिंजाची. नवरा पलीकडची घरं दाखवतो. मी अलीकडचीच बघतेय.