हात लावू नका

३ जुलै, गुरुवार. केर्न्स

मेलबर्नला सकाळी पाच अंश होते. इथे उतरल्यावर आधी स्वेटर काढला, मग मोजे, मग थोडी लाजही. कोकणातल्या डिसेंबरसारखी हवा आहे. आठ खाटांच्या खोलीत आम्ही चौघं आणि चार अनोळखी. त्यातला एक आत्ताच घोरतोय आणि बाहेर अजून उजेड आहे.

चौघं म्हणजे काकू, डॉक्टर, बंड्या आणि मी. काकू माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान आहे, पण तिच्या सॅकमध्ये सुईदोऱ्यापासून मेतकुटापर्यंत सगळं असतं म्हणून काकू. डॉक्टर वनस्पतिशास्त्रात पीएचडी करतोय. चौथं वर्ष आहे, त्यामुळे पदवी आम्हीच आगाऊ दिली. बंड्या नाशिकचा. गडावर गेला की तिथला एक खडा खिशात घालून आणतो. घरी कपाटात एक अख्खा कप्पा भरलाय: हरिश्चंद्रगड, साल्हेर, अलंग, मदन, कुलंग, प्रत्येकाखाली चिठ्ठी. या सहलीसाठी त्याने तीन रिकाम्या चिठ्ठ्या आणल्यात. जंगल, समुद्र, वाळवंट.

४ जुलै, शुक्रवार. केप ट्रिब्युलेशन

डेनट्री नदीवर पूल नाही. तारेवर ओढली जाणारी सपाट फेरी आहे, गाडीसकट पलीकडे जायचं. काठावर पिवळी पाटी, मगरीच्या जबड्याचं चित्र आणि खाली जर्मनमध्येही 'आख्टुंग'. जर्मनांनाच वेगळं का सांगावं लागलं, यावर पलीकडच्या तीरापर्यंत चर्चा पुरली. पोहू नका. काठाशी उभं राहू नका. मासे काठावर साफ करू नका.

नदी ओलांडली आणि फोन मेला. विजेच्या तारासुद्धा इथवर येत नाहीत. जो तो आपलं सौरऊर्जेवर नाहीतर जनरेटरवर भागवतो. बाबांना सांगून ठेवलं होतं, तरी ते आज रात्री आईला तीनदा विचारणार.

गावाचं नाव कॅप्टन कुकने ठेवलं. १७७० च्या जूनमध्ये त्याचं जहाज इथल्या प्रवाळात आदळलं, तोफा समुद्रात टाकून हलकं करावं लागलं. आमच्या हालांना इथून सुरुवात झाली म्हणून ट्रिब्युलेशन! तिकडे पुण्यात थोरले माधवराव होते तेव्हा. स्वतःची चूक झाली की गावाला नाव ठेवायचं, ही पद्धत मला आवडली. इथले मूळचे लोक कुकु यलंजी. ते या टोकाला कुल्की म्हणतात, आणि त्यांचे काही हाल वगैरे झाले नव्हते, म्हणजे तोपर्यंत. २०२१ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान कागदोपत्री त्यांना परत मिळालं. कुकनंतर २५१ वर्षांनी.

५ जुलै, शनिवार. अजून तिथेच

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला जंगलाचा थोडा गर्व असतो. आंबोलीच्या जळवा काढल्यात, खाजकुइलीने दोन दिवस अंग खाजवलंय, करवंदीच्या जाळीत ओढणी सोडून आलेय. तो गर्व आज सकाळी साडेनऊला संपला.

वाटेच्या कडेला, जिथे झाड पडून ऊन खाली उतरलं होतं, तिथे हृदयाच्या आकाराची मोठी मऊ पानं होती. इतकी मऊ दिसत होती की बंड्याचा हात आपसूक पुढे गेला. डॉक्टर ओरडला. एरवी तो 'माझ्या मते' लावल्याशिवाय बोलत नाही, आज नुसता ओरडला. ती गिंपी-गिंपी होती. पानावरची लव म्हणजे काचेसारख्या पोकळ सुया. कातडीत शिरल्या की मोडून आतच राहतात, आणि महिनोन्महिने, गार पाणी लागलं तरी पुन्हा ठणका उठतो. उपाय काय, तर वॅक्सिंगच्या पट्ट्या लावून सुया उपटायच्या. काकू म्हणाली, माझ्याकडे आहेत. काकूकडे असणारच.

पुढे वेताची एक जात भेटली. तिचे लांब आकडे बाहीत अडकले की ओढाओढ करायची नाही. मागे व्हायचं, सोडवायचं, मग पुढे. इंग्रजीत तिचं नावच 'थांब जरा' अशा अर्थाचं आहे. दिवसभरात तिने मला चार वेळा थांबवलं. चौथ्या वेळी मान वर केली तर डोक्यावर पंखताडाची गोल पानं, एकमेकांवर सरकलेली, आणि त्यातून उजेड हिरवा होऊन गळत होता. आधीच्या तीन वेळाही तो गळत असणारच.

हे जंगल १८ कोटी वर्षं जुनं आहे असं पाटीवर आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साधारण साडेसहा कोटींचा. म्हणजे आपल्याकडे लाव्हा अजून ओतायचा होता, तेव्हा इथे फळं पिकत होती? डॉक्टर म्हणाला, फुलणारी झाडं नंतरची, एवढी घाई करू नकोस. पण एका झाडाची गोष्ट त्याने मोठ्या चवीने सांगितली. ते नामशेष झालंय असं धरून चालले होते. १९७१ मध्ये इथे गुरं मेली, पोटं फाडली तर आत भलंमोठं बी निघालं. ते त्याच झाडाचं. एक अख्खा प्राचीन वंश गाईच्या पोटातून परत सापडला. आमच्या गावात गाय मेली की करणी केली म्हणतात, इथे शोधनिबंध निघाला.

कॅसोवरी दिसला नाही. माणसाएवढा उंच, निळ्या मानेचा पक्षी; अंडी उबवणं आणि पिल्लं वाढवणं सगळं नराकडे. दिसली ती त्याची विष्ठा. अर्धं घमेलं भरेल एवढी, नुसत्या बियांनी ठासलेली. डॉक्टर गुडघ्यावर बसून बिया मोजत राहिला. काही झाडांच्या बिया एवढ्या मोठ्या असतात की याच्याशिवाय त्या गिळून दूर नेऊन टाकणारं दुसरं कोणी जंगलात नाही. बंड्याने तेवढ्यात बाजूला पडलेलं एक निळं फळ खिशात टाकलं. डॉक्टरने न बघता हात पुढे केला. फळ परत गेलं.

पहिली चिठ्ठी कोरी.

६ जुलै, रविवार. पोर्ट डग्लस

आज आषाढी एकादशी. आईने पहाटेच फोटो पाठवला: विठोबा, तुळस, साबुदाण्याची खिचडी. काकूचा उपास आहे, आणि उपास असताना बोटीवर जाऊ नये हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

जुलैत इथे पाऊस नसतो, जेलीफिशचा हंगामही नसतो, पण आग्नेयेचा वारा असतो. ग्रेट बॅरियर रीफपर्यंत, म्हणजे इथल्या प्रवाळांच्या साखळीपर्यंत, दीड तास बोट अशी आपटत होती की शहाणीसुरती माणसं कागदी पिशव्या तोंडाशी धरून बसली होती. काकूने आलेपाकाच्या वड्या काढल्या. आम्हाला, शेजारच्या दोन डच मुलींना, मग बोटीवरच्या एका पोऱ्यालाही. गुळातलं आलं उपासाला चालतं का यावर ती एकदाच अडखळली आणि दुसऱ्याच लाटेला वडी तोंडात टाकली.

पाण्यात उतरण्याआधी पुन्हा तेच. हात लावू नका, उभं राहू नका, काही उचलू नका. जे दगडासारखं दिसतं ते जिवंत आहे.

खरं सांगायचं तर पहिली पाच मिनिटं माझी निराशा झाली. जाहिरातींतला झगमगाट कुठे होता? बरंचसं प्रवाळ मातकट, शेवाळी, फिकट पिवळं. पाण्यात खोल गेलं की तांबडा रंग आधी विझतो, हे नंतर कळलं. मग मी हातपाय मारणं थांबवलं आणि नुसती तरंगले. कानात कुरकुर कुरकुर असा आवाज येत होता, सुकी भाकरी मोडल्यासारखा. पोपटमासे प्रवाळ चावत होते. चावलेल्याचा चुरा मागून पांढऱ्या वाळूच्या धारेने बाहेर पडत होता. किनाऱ्यावर ज्या मऊ वाळूत आम्ही काल लोळलो, तिच्यात हाही वाटा आहे. बंड्याला हे सांगितल्यावर तो पहिल्यांदाच मनापासून खूश झाला.

सांबरशिंगांसारख्या फांद्यांचा एक मोठा ताटवा होता, अर्धा निळसर, टोकांना जांभळा, आणि अर्धा मेलेला, वर करडं शेवाळ. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. तेच त्याला रंग देतं आणि बहुतेक अन्नही. पाणी फार तापलं की ती जोडी फुटते, शैवाल बाहेर पडतं, प्रवाळ पांढरं होतं. पांढरं म्हणजे लगेच मेलेलं नव्हे, उपाशी. पाणी लवकर निवलं तर सावरतं. पण २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४, इतक्या वेळा मोठ्या प्रमाणावर पांढरं पडल्यावर सावरायला सवड कधी मिळणार? सव्वादोन हजारांहून जास्त किलोमीटर पसरलेल्या या साखळीतला मी पाहिलेला तुकडा आमच्या सोसायटीच्या पार्किंगएवढा. त्यावरून सगळं मेलं म्हणणं चूक आणि सगळं छान म्हणणं त्याहून चूक.

आजीच्या बोटात मंगळासाठी पोवळ्याची अंगठी होती. लहानपणी मी ती काढून चोखायचे आणि ओरडा खायचे. ते तांबडं पोवळं वेगळ्या जातीचं, वेगळ्या समुद्रातलं. तरी आज पाण्यात तोंड घालून असताना जिभेवर तीच चव आली. खारट पाण्याचीही असेल.

संध्याकाळी किनाऱ्यावर लाटेने टाकलेला प्रवाळाचा एक तुकडा होता. बंड्या बराच वेळ त्याच्याजवळ उकिडवा बसला. मग स्वतःच म्हणाला, "मेलेलं असलं तरी नाहीच, ना?" नाहीच.

७ जुलै. विमान. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज. थंडी. स्वेटर परत वर.

८ जुलै, मंगळवार. किंग्ज कॅन्यनच्या वाटेवर

दिवसभर रस्ता. ताशी १३० ची परवानगी आहे आणि समोर काहीच नाही, त्यामुळे गाडी हलत नाहीये असं वाटतं. मधून एखादी रोडट्रेन येते, पन्नास मीटरहून लांब मालगाडी, रुळांशिवाय. ती गेली की आपली गाडी थरथरते. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, अशी भाड्याच्या करारातच अट आहे. कांगारू आडवे येतात.

दुपारी जंगली उंट दिसले, सात. ऑस्ट्रेलियात उंट मूळचे नाहीत. १८६० मध्ये एका मोहिमेसाठी कराचीहून दोन डझन उंट आणि त्यांचे चालक मेलबर्नला उतरले. त्यानंतर हजारो आले, आणि वाळवंटातल्या तारांचं, रेल्वेचं, लोकरीचं सामान त्यांच्या पाठीवरून गेलं. चालक बलुची, पंजाबी, पठाण. सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हटलं. इथून जाणाऱ्या रेल्वेचं नाव 'द घान' त्यावरूनच पडलं. पुढे मोटारी आल्या, उंट मोकळे सोडले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. म्हणजे हे सातजण एका अर्थाने आमच्याच प्रांतातले. बंड्याने काच खाली करून "काय पाव्हणं!" अशी हाक दिली. एकानेही वळून पाहिलं नाही.

९ जुलै, बुधवार. युलारा

सकाळी कॅन्यनच्या कडेने सहा किलोमीटर. सुरुवातीचा चढ खडा, पण आम्ही कुलंगवाले, त्यामुळे कुरकुर न करता चढलो. लाल घुमटांच्या मधल्या घळीत पाणी होतं आणि पाण्याकाठी सायकॅड, ताडासारखी दिसणारी प्राचीन झाडं. डॉक्टर तिथेच बसला. परवा जंगलात याच कुळातली उंच झाडं पाहिली होती. ही त्यांची वाळवंटातली भावंडं. हवा कोरडी होत गेली तशी ओलीतली झाडं सरली, आणि ही या घळींच्या सावलीत अडकून तगली. "पाणी गेलं, पण यांना कोणी सांगितलंच नाही," असं तो म्हणाला. शास्त्रज्ञाने असं बोलू नये खरं तर.

१० जुलै, गुरुवार. उलुरू. गुरुपौर्णिमा

बंड्याने नववीत असताना भूगोलाच्या पुस्तकाच्या कव्हरवर उलुरू चिकटवला होता. वाळवंटात एकटाच उभा लाल खडक, ३४८ मीटर. दोर नको, काही नको, साखळी धरून वर. पण २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद आहे. इथले मूळचे अनंगू लोक कित्येक वर्षं विनवत होते की चढू नका. जमीन त्यांना १९८५ च्या त्याच तारखेला परत मिळाली होती, तरी पुढची ३४ वर्षं लोक चढत राहिले. किमान ३५ माणसं त्यात गेली. साखळीचे खांब आता उपटलेत. वाट मात्र दिसते, लाल अंगावर फिकट ओरखडा. लाखो बुटांनी घासलेला.

बंड्या त्या ओरखड्याखाली उभा राहून म्हणाला, "एवढ्या लांब येऊन पायथ्याला फेरी मारून परत?"

काकूने विचारलं, "तुझी आजी ब्रह्मगिरीची फेरी करायची ना रे? ती कधी वर चढली होती?"

तो काही बोलला नाही. चालायला लागला.

साडेदहा किलोमीटर. फोटोत उलुरू एकसंध पावासारखा दिसतो. जवळ गेलं की घड्या, पोकळ्या, पाणी उतरल्याचे काळे ओघळ, गुहा. दगड आतून करडा आहे, त्यातलं लोखंड गंजून वरून तांबडा झालाय. काही भागांशी पाट्या आहेत: इथे फोटो काढू नका. काही जागा फक्त बायकांच्या, काही फक्त पुरुषांच्या, आणि तिथल्या गोष्टी त्यांनीच सांगायच्या, त्यांनाच. मला वाटलं होतं याचा राग येईल. आला नाही. देवघरात सोवळ्यात हात लावू नको म्हटल्यावर यायचा, तो राग वेगळा होता. तिथे मला मुलगी म्हणून लांब ठेवत. इथे मी पाहुणी म्हणून लांब होते. दोन्ही एकच आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एका वळणावर फोन खिशात ठेवला तो तासभर काढलाच नाही.

रात्री तळावर झोपायच्या पिशव्या उघड्यावर टाकल्या. तारे बघायचे होते; पौर्णिमा आहे हे चौघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. त्रिशंकू फिकटसा दिसला, बाकी सगळं चांदण्यात वाहून गेलं. पण चंद्र! पूर्वाषाढा, उत्तराषाढा ही नक्षत्रं दक्षिणेकडची. पुण्यात आषाढी पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेला खाली कलतो, आणि बहुधा ढगाआडच असतो. इथे तो मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर आला. त्यातला ससा उलटा झालेला. पाण्याच्या बाटलीत बर्फाची पापडी धरली होती.

११ जुलै, शुक्रवार. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज

सकाळी सांस्कृतिक केंद्रात एक गोष्ट कळली. लोक उलुरूचे खडे, वाळू चोरून नेतात आणि मग कित्येक वर्षांनी टपालाने परत पाठवतात, सोबत माफीची पत्रं. जगभरातून येतात. त्या दगडांना नावच पडलंय, माफीचे दगड.

बाहेर आल्यावर बंड्या म्हणाला, तुम्ही गाडीत बसा. गाडीपासून दहा पावलांवर तो पाठमोरा उभा राहिला, वाकला, आणि बुटांची नाडी बांधायला लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ तसाच राहिला. कोणी काही विचारलं नाही.

चारशे किलोमीटरनंतर पेट्रोलच्या हिशेबावरून भांडणं झाली, डॉक्टरकडे २३ डॉलर निघतात. बंड्याने तिन्ही चिठ्ठ्या पाकिटातून काढल्या, तारखा घातल्या, परत ठेवल्या. कप्प्यात नुसत्या चिठ्ठ्याच ठेवणार म्हणे. काकूने त्याला शेवटची आलेपाकाची वडी दिली.