एकूण पक्षी : 1

माझ्या मावसभावाचं सासवडजवळ बटेरपालनाचं शेड आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत सहज म्हणून गेले होते, तेव्हा अंडी उबवायच्या मशीनमधून नुकती पिल्लं निघाली होती. बटेरीचं अंडं 17-18 दिवसांत उबतं आणि पिल्लू निघतं ते अंगठ्याच्या पेराएवढं, 7-8 ग्रॅमचं. त्या ट्रेमध्ये एक पिल्लू पोटावर पडून पोहत होतं. एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला. भाऊ म्हणाला, "ताई, ह्याचं काही होत नसतं," आणि त्यानं ते बाजूला काढलं. बाजूला म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. रुमालात गुंडाळून घेऊन आले. दिवेघाट उतरताना ते इतकं गप्प होतं की दोनदा गाडी कडेला घेऊन बघितलं.

(आधीच सांगते, कारण सगळे विचारतात: रानातली बटेर, म्हणजे लावरी, वेगळी. तिला पकडणं-पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. ही जपानी बटेर, कोंबडीसारखीच पोल्ट्रीतली.)

पाय फाकण्याचं कारण नंतर कळलं. ट्रेमध्ये वर्तमानपत्र घातलेलं होतं. गुळगुळीत कागदावर पिल्लाची पकड बसत नाही, पाय घसरत जातात आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत तसेच बसतात. उपायही त्याच दिवसांत करायचा असतो. पेपर टेपची बारीक पट्टी दोन्ही पायांना बांधायची, मधे निरोगी पिल्लाच्या पायांत असतं तेवढंच अंतर ठेवून. ऐकायला सोपं. करताना आईनं पिल्लू ओंजळीत धरलं होतं, मी भुवया कोरायच्या चिमट्यानं टेप लावत होते आणि दोघीही श्वास रोखून होतो. खोक्यात 40 वॉटचा बल्ब, आत थर्मामीटर. पहिल्या आठवड्यात 35 ते 37 अंश लागतं, मग दर आठवड्याला साधारण 3 अंशांनी उतरवायचं. पाण्याला बाटलीचं झाकण आणि त्यात गोट्या, कारण एवढीशी पिल्लं झाकणभर पाण्यातही बुडतात.

पाचव्या दिवशी टेप काढली. डावा पाय सरळ झाला होता. उजवा नाही.

आता डॉक्टर. पुण्यात कोंबड्यांच्या डॉक्टरांना तोटा नाही. पशुसंवर्धन आयुक्तालय इथलंच, हॅचरीच्या मोठ्या कंपन्या इथल्याच. पण हे सगळे डॉक्टर शेडचे. मी गेले त्या डॉक्टरांनी छापील कागद पुढे ओढला आणि डोकं वर न करता विचारलं, "एकूण पक्षी?"

"एक."

"एक हजार?"

"एक."

मग त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे आणि माझ्या बुटाच्या खोक्याकडे बघितलं. कागदावर मात्र सगळं रीतसर लिहिलं: एकूण पक्षी 1, आजारी 1, मरतूक 0. तो कागद मी अजून ठेवलाय.

माणूस चांगला होता. पक्ष्याचा जो उलटा वाकलेला गुडघा आपल्याला दिसतो तो गुडघा नसतोच, ती टाच. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो, हे त्यांनी तिचा पाय दोन बोटांत धरून दाखवलं. टाचेच्या सांध्यावरची शीर (टेंडन) खोबणीतून सरकली होती. मॅंगनीज किंवा कोलीन कमी पडलं की असं होतं, सुरुवातीला पाय फाकलेला असला तरी होतं. "ही आता बसणार नाही. पाय राहू दे, बाकीचं बघा," म्हणाले. व्हिटॅमिनची बाटली दिली. तिच्यावर मात्रा होती 100 पक्ष्यांना 5 मिली. भागाकार केला तर माझ्या वाट्याला एक थेंब.

खाद्याचीही तीच गत. पिल्लाला 24 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात, म्हणून कोंबडीच्या पिल्लांचं प्री-स्टार्टर आणायला गेले. दुकानदार म्हणाला, पोतं 50 किलोचं. मोठी बटेर दिवसाला 25 ग्रॅम खाते, म्हणजे पोतं पुरणार 2000 दिवस. बटेर जगते दोन-तीन वर्षं. हा हिशोब त्याच्या काउंटरवरच्या कॅल्क्युलेटरवर करून दाखवला, तेव्हा त्यानं हसत एक किलो सुटं दिलं.

तिसऱ्या आठवड्यात छातीवर काळे ठिपके आले. नराची छाती साधी तांबूस असते, ठिपके म्हणजे मादी. आईनं नाव ठेवलं ठमी.

"बाकीचं बघा" म्हणजे काय, ते पुढच्या तीन महिन्यांत कळलं. मी सगळं लक्ष पायावर ठेवून होते. कार्डबोर्डची आधारपट्टी, स्ट्रॉची आधारपट्टी, यूट्यूबवरचं काय काय. ठमी सगळं चोचीनं काढून टाकायची. आणि इकडे ती ज्या टाचेवर घसटत चालायची ती आधी लाल झाली, मग सोलली, मग तिच्यावर खपली धरली. त्या दिवशी पायाचा नाद सोडला आणि जमिनीकडे वळले.

बोहरी आळीत फ्रिजमध्ये घालायची जाळीची रबरी चटई मिळते, ती आणली. पकड छान, पण विष्ठा जाळीत अडकते. भाताचं तूस घातलं, तर तिच्या घसटण्यानं ते बाजूला होऊन खाली पुन्हा पुठ्ठाच. शेवटी थर लावले: खाली रबरी चटई, वर जुन्या टॉवेलचा तुकडा. टॉवेलचे धागे आधी कापून टाकायचे, नखात अडकतात. तुकडे आठ, रोज दोन धुवायला.

पण टाचेला विसावा कुठून द्यायचा? बसली तरी ती टाचेवरच बसणार. हे मी जेवताना आईला सांगत होते. आई काही बोलली नाही. उठून जुन्या सुती लुगड्याचा पट्टा फाडला, हातावर गुंडाळून पीळ भरला आणि एवढीशी, वाटीच्या तोंडाएवढी चुंबळ समोर ठेवली. डोक्यावर घागर घेताना घालतात ती. ठमीला तिच्यावर ठेवलं. पोट चुंबळीवर, मधल्या भोकात दोन्ही पाय सैल, टाचा अधांतरी. तिनं मान इकडे-तिकडे केली, पिसं फुलवली आणि डोळे मिटले. दहा दिवसांत खपली पडून खाली गुलाबी कातडी आली. घागरी आमच्या घरातून कधीच गेल्या, चुंबळ आईच्या हातात राहिली होती.

रोजचं काम आता वीस मिनिटांचं आहे. सकाळी स्टीलच्या वाटीत बसवून स्वयंपाकाच्या काट्यावर वजन. पक्षी आजार लपवतात, वजन लपत नाही. ठमी 190 ग्रॅम. 180 च्या खाली गेली की मी सावध. मग शेपटीखालची पिसं कोमट पाण्यानं पुसायची. तिला बूड नीट उचलता येत नाही, घाण चिकटते, आणि पावसाळ्यात त्यावर माशी बसली तर अळ्या पडायला एक दिवस पुरतो. मग चाळलेल्या कोरड्या वाळूचा टब. वाळूत लोळणं हा तिचा दिवसातला सोहळा, पण ती उजवीकडे कलंडते आणि पाठीवर पडली की तिला उलटता येत नाही. म्हणून उजव्या अंगाला टॉवेलची वळकटी आणि मी शेजारी, चहा घेऊन.

सातव्या आठवड्यात पहिलं अंडं दिलं, 10 ग्रॅमचं, शाई शिंपडल्यासारखं. आनंदानं खालच्या काकूंना दाखवलं. काका आतून म्हणाले, "शिजायला किती वेळ लागतो?" अंड्याला की ठमीला, ते मी स्पष्ट करून घेतलं नाही.

डिसेंबरात मात्र तेच अंडं अंगाशी आलं. रात्री नऊला ती कोपऱ्यात फुगून बसली, शेपटी वरखाली, मधेच जोर करत होती. अंडं अडकलं होतं. डॉक्टरांना फोन केला. पोट अजिबात दाबू नका, आत फुटलं तर संपलं. ऊब द्या, कोमट पाण्यात बूड ठेवा, कॅल्शियमचे थेंब द्या, सकाळपर्यंत नाही झालं तर घेऊन या. घमेल्यात कोमट पाणी, पाण्यात माझा हात, हातावर ठमी. पाणी निवलं की आई तांब्यानं गरम ओतायची. तळहाताला तिचं काळीज लागत होतं, घड्याळ कानाशी धरल्यासारखं, फक्त फार जलद. अडीच वाजता टॉवेलवर अंडं पडलं. मऊ कवचाचं, पिशवीसारखं. ती लगेच खायला लागली आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

तेव्हापासून दोन गोष्टी. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत कायम. आणि संध्याकाळी साडेसहाला पिंजऱ्यावर जाड कापड, कारण दिवसाला 14 तास उजेड मिळाला की बटेर अंडी घालतच सुटते. उजेड कमी केला की शरीर विश्रांती घेतं. आमच्याकडे रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट असायची. म्हणजे अंडं अडकायला थोडी मीही कारण होते.

सोबत म्हणून भावाकडून एक धडधाकट मादी आणून बघितली. तासाभरात तिनं ठमीच्या डोक्यावरची पिसं उपटली. आता मधे जाळी आहे. दिवसभर एकमेकींकडे पाठ, रात्री दोघी जाळीला चिकटून.

गणपतीत गल्लीतलं ढोल-ताशा पथक दारावरून जातं. बटेर घाबरली की सरळ वर उडी मारते, हेलिकॉप्टरसारखी, आणि एका पायावरही ठमी फूटभर उडते. त्यामुळे पिंजऱ्याला छत म्हणून जुनी गोधडी ताणून बांधली आहे आणि ते दहा दिवस मुक्काम आतल्या खोलीत. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल तिच्या खोलीत बंद. नॉनस्टिक तवा घरातूनच काढला, तो जास्त तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी मरतात. आईला त्याचं दुःख नव्हतं, तिला तो तवा कधी आवडलाच नव्हता.

चुंबळी आता सात आहेत, रोज एक धुवायची. गेल्या आठवड्यात शेजारी नवीन राहायला आलेल्या बाई गॅलरीतली ती रांग बघून काळजीनं म्हणाल्या, "इथं पाणी भरून आणावं लागतं का हो?"

"छे, नळाला येतं की," आई म्हणाली. "गुरुवार सोडून."