आमची वाटचाल : दुरुस्तीच्या टेबलावरून बोर्डाच्या पोटात

बेळगावच्या उद्यमबागेत आम्ही दोघा भावांनी गाळा भाड्याने घेतला, तेव्हा आसपासच्या मशीन शॉपमधील सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या, यंत्रांची बंद पडलेली कार्डे (इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड) उघडून जळालेला भाग शोधायचा, तो बदलायचा आणि पुढच्या पाळीपूर्वी यंत्र चालू करून द्यायचे, एवढेच आमचे काम होते. त्यात हात चांगला बसला. सोल्डरिंग गनने काहीही सुधारता येते हा समजही त्याबरोबर पक्का बसला, आणि पुढे तोच आम्हाला महागात पडला.

हायड्रॉलिक्सचे भाग बनवणाऱ्या एका ग्राहकाला दाब मोजणारे कार्ड १८ मिलिमीटर व्यासाच्या जागेत बसवून हवे होते. बोर्डाच्या दोन्ही बाजू वापरूनही जागा पुरेना, म्हणून कॅपॅसिटर (वीज साठवणारे) आणि रेझिस्टर (विजेला रोध करणारे) हे छोटे भाग बोर्डाच्या थरांच्या आतच गाडण्याचा मार्ग आम्ही धरला. यात आतल्या थरात खाचा पाडून पातळ भाग ठेवतात, वर राळ मुरवलेले काचकापड, म्हणजे प्रीप्रेग, घालून उष्णता व दाबाखाली सारे एकजीव करतात, आणि मग लेसरने बारीक छिद्रे पाडून त्यांत चढवलेल्या तांब्यानेच भागांची टोके जोडतात. आत सोल्डर, म्हणजे वितळवून जोडायचा धातू, ठेवले, तर बाहेरचे भाग ओव्हनमध्ये जोडताना ते पुन्हा वितळू शकते. शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ अंश सेल्सिअसलाच वितळू लागते. म्हणून गाडायच्या भागांची टोकेही कथिलाची नव्हे, तांब्याची घ्यावी लागतात. कॅपॅसिटर चिपच्या थेट खाली आल्याने जोडणी आखूड होते आणि चिपचा वीजपुरवठा स्थिर राहतो, हा लाभ मला जागेच्या बचतीइतकाच मोलाचा वाटतो. थर दाबण्याचे आणि लेसरचे काम आम्ही बेंगळुरूला जॉबवर्कने देतो. ती यंत्रे घेण्याची आमची ऐपत नाही.

पहिला लॉट जुलैत आला. त्या दिवसांत आमच्या गाळ्यात वहीची पानेसुद्धा ओलसर लागतात, तरी पाकिटातून काढलेले बोर्ड आम्ही आठवडाभर टेबलावर उघडे ठेवले. ओव्हनमध्ये त्यांतले काही पापडासारखे फुगले, कारण बोर्डातल्या इपॉक्सी राळेने शोषलेल्या ओलाव्याची वाफ होऊन थर सुटले होते. धाकट्या भावाने सवयीने गन उचलली, पण तापवायचे कोठे? एक कार्ड कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा गाडलेल्या कॅपॅसिटरच्या कडेला केसाएवढी फट दिसली.

आता पावसाळ्यात बोर्ड १२० अंशांवर काही तास भाजल्याशिवाय ओव्हनमध्ये जात नाहीत, आणि भाग मोजून तपासल्याशिवाय गाडायला पाठवले जात नाहीत. किरकोळ किमतीचा कॅपॅसिटर आत बिघडला तर अख्खे कार्ड बाद होते, हे ग्राहकाला पटवून तपासणीचे पैसे मागणे अजूनही जड जाते. फ्यूज आणि ज्यांचा रोध नंतर जुळवावा लागतो असे रेझिस्टर आम्ही मुद्दाम बाहेरच ठेवतो. सीएनसीची कार्डे आजही जुन्या टेबलावर दुरुस्तीला येतात. गाडलेल्या भागांची कार्डे मात्र शेजारच्या खोलीत तपासली जातात, आणि तिथे सोल्डरिंग गन ठेवलेली नाही.