मुंडावळ्या शिरवायच्या कशा?

मी क्लेची फुलं करते, पण मुंडावळ्यांची ऑर्डर सहसा घेत नाही. फ्रेम, बुके, डोहाळजेवणाचे दागिने, हे सगळं ठीक आहे, ते भिंतीवर राहतं नाहीतर तासाभरात अंगावरून उतरतं. मुंडावळ्या कपाळावर बांधतात, त्यांना घाम लागतो, हळद लागते, अक्षता पडतात, वरून पदर ओढला जातो, आणि नागपुरात लग्नं म्हणजे एप्रिल-मे. तरी ही ऑर्डर घेतली, कारण मुलीनं फूलच असं मागितलं की मला नाही म्हणवलं नाही.

मुलगी काटोलकडची, वडिलांची संत्र्याची बाग, ही नोकरीला पुण्यात. तिला मुंडावळ्या आणि वेणी संत्र्याच्या फुलांची पाहिजे होती. मोबाइलवर तिनं मला राणी व्हिक्टोरिया दाखवली, १८४० च्या लग्नात तिनं डोक्यावर संत्रावर्गातल्या फुलांचंच कडं घातलं होतं आणि आदल्या वर्षी अल्बर्टनं तिला सोन्याचा आणि पोर्सिलेनचा त्याच फुलांचा ब्रोच दिला होता. मुलगी म्हणे, ताई, आमच्याकडे तर बागच आहे न. पण लग्न मे महिन्यात. संत्र्याला फुलांचे दोन बहार, आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, मृग जून-जुलैत. मे मधे झाडावर आंबियाची बारकी हिरवी फळं असतात आणि खाली गळलेली फळं पडलेली असतात, फूल कुठून आणणार?

अशा वेळी क्लेचं फूल करण्यात मला खरा अर्थ वाटतो. मे महिन्यात मोगऱ्याचा गजरा क्लेचा मागणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, सीताबर्डीवर नेताजी मार्केटात सकाळी जा, ताजा मोगरा घ्या, त्याच्या वासाची बरोबरी मी करू शकत नाही. माझं दोन पैशाचं नुकसान होतं पण मला ते मान्य आहे. आणि जे येऊन विचारतात की इतवारीत प्लास्टिकची फुलं डझनानं मिळतात मग तुमचं एक फूल एवढ्याला का, त्यांच्याशी मी आता वाद घालत नाही, हातात फूल देते आणि पाकळीची कड बघा म्हणते.

फेब्रुवारीत मुलीचे वडील, काका म्हणते मी त्यांना, ओल्या गोणपाटात गुंडाळून फांद्या घेऊन आले. दोन वेगळ्या फांद्या. एक संत्र्याची, दुसरी कलमाच्या खालून फुटलेली जंभेरीची, म्हणजे लिंबाच्या जातीतल्या झाडाची, कारण आपल्याकडे संत्रा जंभेरीच्या खुंटावर बांधतात आणि खालून फूट आली की काढून टाकायची असते. ही त्यांनी मुद्दाम ठेवली होती, मला फरक दाखवायला. जंभेरीच्या कळीवर जांभळट झाक असते, संत्र्याची कळी पांढरी. काका म्हणाले, ताई, इंटरनेटवरचे फोटो पाहून नका करू, त्यात लिंबू संत्रा सगळं एकच करून ठेवते लोकं. माझ्या आजवरच्या कुठल्याच गिऱ्हाइकानं मला इतकी चांगली माहिती दिली नाही, बहुतेकांना फक्त रंग साडीला मॅच झाला पाहिजे असतो.

फूल उघडून पाहिलं. पाच पाकळ्या, जाडसर, मेणासारख्या, पूर्ण उमलल्या की मागे वळतात. पाकळीवर बारीक बारीक तेलाचे ठिपके, उजेडात धरलं तर दिसतात. मधे पुंकेसरांचं कडं, ते खाली एकमेकांना चिकटून नळीसारखं उभं राहतं आणि वर पिवळे परागकोश, त्यातून स्त्रीकेसराचं हिरवट-पिवळं डोकं वर आलेलं. आकार रुपयाच्या नाण्याएवढा. बाजारात जे रेडिमेड पुंकेसर मिळतात ते मोकळे, पसरलेले असतात, ते इथे चालतच नाहीत. मी क्लेची पातळ पट्टी घेतली, कात्रीनं झालरीसारखी कापली, गुंडाळली, टोकांना गोंद लावून पिवळ्या केलेल्या रव्यात बुडवली. एका फुलाचं एवढं.

आता क्ले. मी विकत कमी घेते, घरीच शिजवते. कॉर्नफ्लॉवर, फेविकॉल, थोडं बेबी ऑइल, थोडं ग्लिसरीन, बुरशी लागू नये म्हणून व्हिनेगर. मंद आचेवर घोटत राहायचं, गोळा कढई सोडायला लागला की उतरवायचं आणि हाताला कोल्ड क्रीम लावून गरम गरम मळायचं. वाळल्यावर हे आकसतं आणि काचेसारखं अर्धपारदर्शक होतं, म्हणून पांढऱ्या फुलाला आधीच टायटॅनियम व्हाइट ऑइल कलर घालावा लागतो. कमी पडला तर फूल फिकट साबणासारखं दिसतं, जास्त झाला तर खडूसारखं मरतं. संत्र्याच्या फुलाचा पांढरा मधेच कुठेतरी आहे आणि तो मला सापडला, याचा मला अभिमान आहे, सांगायला काही हरकत नाही. बरं झालं पाकळ्या फेब्रुवारी-मार्चमधेच करून झाल्या. एप्रिलच्या शेवटी इथली हवा इतकी कोरडी होते की बॉल टूलनं, म्हणजे गोळीसारख्या टोकाच्या काडीनं, कड पातळ करता करताच ती तडकते आणि कूलर लावला तर ओलीनं वाळतच नाही.

लग्न वर्धा रोडवरच्या एका लॉनवर, गोरज मुहूर्त. मी स्वतः गेले, कारण मुंडावळ्या बांधताना ओढल्या की फुलांचे देठ वाकतात. पाहते तर डेकोरेटरच्या पोरानं माझा डबा उघडून सगळं खऱ्या हारांच्या बाजूला टेबलावर मांडलेलं आणि हातातल्या पंपानं सगळ्यांवर पाणी मारून राहिला. त्याचा दोष काय, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, दोष त्याच्या मालकाचा ज्याला मी फोनवर दोनदा बजावलं होतं. या लोकांना फूल म्हणजे सगळं एकच, आणि लॉनवर वरून मिस्टवाले मोठे पंखेही सुरू. फुलांवर वार्निशचा हात होता, पण देठाच्या जोडात पाणी शिरलं, आणि फेविकॉल ओला झाला की परत दुधाळ होतो. वेणीतल्या चार-पाच फुलांच्या बुडाशी पांढरे डाग. सुती रुमालानं एकेक टिपलं, हेअर ड्रायर मुद्दाम लावला नाही, उष्णतेनं पाकळी पिळते, साध्या पंख्यासमोर धरून बसले. मुहूर्ताआधी डाग गेले.

मुंडावळ्या बांधल्या. छान दिसल्या, खूप छान दिसल्या.

मग सगळं झाल्यावर मुलीची आजी माझ्याजवळ येऊन बसली. तिनं फूल बोटात धरलं, नाकाजवळ नेलं, आणि म्हणाली, "वास नाही, नाहीतं मले वाटलं बागेतूनच आणले." मी खूश. मग तिनं विचारलं, "पण बाई, हे शिरवायचे कसे?"

मला आधी समजलंच नाही. आजीचं म्हणणं साधं होतं. कंकण सुटलं की मुंडावळ्या, हार हे सगळं निर्माल्य, ते विहिरीत नाहीतर नदीत शिरवायचं. मी म्हटलं, आजी, हे टिकणारं आहे, जपून ठेवायचं. ती म्हणे, "लग्नातलं फूल कोणी घरात ठेवते का?" मी मोत्याच्या मुंडावळ्यांचं उदाहरण दिलं, त्या आपण पिढ्यान्पिढ्या ठेवतोच. आजीनं एका वाक्यात उत्तर दिलं, "मोती मोती आहे, हे फूल आहे." मी म्हटलं, फूल नाही हो आजी, क्ले आहे. "मंग मातीचा गणपती विरघळते, हे नाही विरघळत?"

नाही विरघळत. आत तार आहे, तारेवर हिरवी टेप आहे, वर वार्निश आहे, आणि फेविकॉल म्हणजे शेवटी प्लास्टिकच्याच जातीचं. हे मी विहिरीत टाका म्हणू शकत नाही. पीओपीच्या मूर्तींवरून आपण एवढं बोलतो आणि मी स्वतःच्या वस्तूबद्दल कधी हा विचार केला नव्हता, कारण माझ्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, कायम टिकणारी फुलं. गिऱ्हाईक तेच विकत घेतं. मी फूल इतकं हुबेहूब केलं की आजीला ते फुलासारखं वागवावं वाटलं, आणि फुलासारखं वागवायचं म्हणजे ते सोडून देता आलं पाहिजे. तिचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

मुलीचं म्हणणं उलट. तिला दोघांच्याही मुंडावळ्या फ्रेममधे पाहिजेत, पुण्याच्या घरी. मी सुचवलं की फ्रेमसाठी तशाच दुसऱ्या करून देते, अर्ध्या पैशात. ती म्हणाली, ताई, ज्या कपाळावर होत्या त्याच पाहिजेत, हळद लागलेल्या. हेही बरोबर आहे. आजी म्हणते, हळद लागली म्हणूनच शिरवायच्या.

घरी येऊन मी उरलेली फुलं बादलीत टाकून पाहिली. दोन दिवसांत पांढरी, लिबलिबीत झाली, आकार सुटला, पण विरघळली नाहीत, आणि तार होती तशीच. वार्निश न लावलेलं एक कुंडीत पुरलं, त्याला बुरशी धरली, फेविकॉलची साल उरली. आता एक सूत आणि मैद्याच्या खळीचं करून पाहून राहिले, ते कपाळावर दोन तास टिकलं तरी मला पुरे. पाकळी जाड होते, कड तशी येत नाही, मला ते आवडत नाहीये.

मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला. आजीचं आणि मुलीचं जमलेलं नाही, मुंडावळ्या डब्यात पडून आहेत. त्यांनी विचारलं, तार आणि टेप काढून देता येईल का, नुसत्या पाकळ्या बागेत झाडाखाली पुरतो, आणि मुलीला तार-दोऱ्याची फ्रेम करून द्या. मी म्हटलं, पाकळ्याही लवकर मातीत जाणार नाहीत. ते म्हणाले, बघू, बागेत घाई नाही. रविवारी डबा घेऊन येताहेत. पाकळी न मोडता तारेवरून सुटते का ते मी जुन्या फुलांवर करून पाहिलं, दर तीनातली एक तुटते. मुलीशी अजून कोणीच बोललेलं नाही, आणि पैसे तिनं दिलेत, म्हणून आधी तिला फोन करणार आहे.